मिठानं खाल्लेला शब्द

पत्र आलं ते खारवलेल्या मासळीच्या रांजणातून.
अमिसोसच्या बंदरावरचे शिपाई हल्ली कापडाच्या घड्याही सोडून बघतात,
पण मासळीत कोपरापर्यंत हात कोण घालणार?
दीओननं मेणकापडात गुंडाळून तळाशी दडपलं होतं.
तरी एका कोपऱ्यातून खारं पाणी शिरलंच.

आम्ही अकराजण रंगाऱ्याच्या माडीवर.
खाली मंजिष्ठेचे हौद, वर एकच दिवा.
वाचता यायचं ते मला एकटीला.
धन्याचे हिशेब लिहिता लिहिता शिकलेली मी;
दासीपण सुटलं, अक्षरं राहिली.

ती अक्षरंही एकमेकांना चिकटलेली,
मधे श्वासाइतकी फट नाही.
म्हाताऱ्याचा हात थरथरत असावा,
ओळी उताराला लागलेल्या.
आधी चौकशी: मेनेक्रातीसचा खोकला कसा आहे.
इथल्या अक्रोडांना तुमच्याकडची चव नाही.
मग मंडळी चालवणाऱ्यांना सांगणं:
पैशाची पेटी एकाच्याच घरी ठेवू नका.
विधवेच्या दारी नुसता उपदेश घेऊन जाऊ नका.
भांडण मिटवायला जाणाऱ्यानं जेवून जावं,
उपाशी माणूस घाईनं निकाल देतो.
आम्ही हसलो. म्हातारा समोर येऊन बसल्यासारखा वाटला.

आणि मग,
"जो कळप राखतो त्यानं आधी आपल्या"
पुढे मीठ.
अंगठ्याएवढा पांढुरका डाग,
डागापलीकडे "आवर घालावा."

कशाला?
जिभेला, कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं,
आणि दोघींनी तिच्याकडे वळून पाहिलं.
पोटाला असेल, रंगारी म्हणाला; त्याचं स्वतःचं सुटलेलं.
दुःखाला, म्हणाली खेलिदोन म्हातारी.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
दीओन पान दिव्याशी धरून उलटसुलट करत राहिला.

मेनेक्रातीस गप्प.
आमच्या मंडळीचा वडील तो,
चार वर्षं त्याच्या शब्दावर आम्ही चाललो.
शेजारी त्याचा पोरगा अत्तालोस,
डाव्या कानानं बहिरा.
कशानं, ते गल्लीला ठाऊक होतं.
मंडळीत विषय निघत नसे.

मेनेक्रातीसनं आपला उजवा हात मांडीवरून उचलला,
दिव्याखाली धरला.
मासळी चिरून चिरून पडलेले पांढरे व्रण.
बघत राहिला,
जणू कुणी आपल्याकडे विसरून गेलेलं भांडं.
"हात," तो म्हणाला. "तिथे हात लिहिलंय."
मग उठला,
पोराच्या उजव्या बाजूला जाऊन बसला,
आणि मला म्हणाला, "पुढचं वाच. जरा मोठ्यानं."

वसंतात डोंगरावरच्या मंडळीसाठी मी नक्कल केली.
त्या ओळीशी बोरू थांबला.
अंगठा टेकवून मापलं, तेवढी जागा कोरी सोडली.

परवा तिकडून माणूस आला, म्हणाला,
बाई, एक शब्द राहून गेलाय.
त्याला बसवलं, मासळी वाढली.
पोटभर जेवला बिचारा,
आणि काय विचारायला आलो होतो
ते विसरूनच डोंगर चढून गेला.