कलम सात, ड

कंपनीने झिंगरीच्या नाकाचा फोटो मागितला,
माणसाच्या अंगठ्यासारखं असतं म्हणे ते.
अकरा काढले.
दहांमध्ये नुसती श्वासाची वाफ,
अकराव्यात जीभ.

जन्मतारीख?
मानेवाडा चौकात, टायरच्या दुकानामागे सापडली,
मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत.
तीच तारीख टाकली.
लांजेवार एजंट म्हणाला, "चालते, मॅडम.
पण लंगडते ते लिहा. लपवलं तर क्लेम गेला."
लिहिलं: मागचा डावा पाय, आधीपासून.

प्रतीक्षा तीस दिवसांची.
गोचीडतापाने सत्ताविसाव्या दिवशी गाठलं.
"तीनच दिवस हुकले ना बाप्पा," लांजेवार फोनवर.
सलाइनच्या पावत्या कूलरवर पडून आहेत,
ओल्या खसचा वास लागलाय त्यांना.

रात्री बारीक अक्षरं वाचत बसते.
आधीपासूनचं काहीही धरलं जाणार नाही.
झाडू उचलला की फरशीला चिकटणं,
पोळी कुंडीत पुरून ठेवणं,
फटाके, हेल्मेट घातलेली माणसं:
सगळं आधीपासूनचं.

माझंही बरंच आहे तसं.
झिंगरीने फॉर्म भरून घेतला नव्हता.

रिन्यू करते तरी.
पाय: तोच.
वजनाच्या रकान्यात या वेळी
चार किलो जास्त.