अकरावा

आमच्याकडे कोसा येनाच्या झाडावर होतो.
अळी चारदा झोपते, चारदा कातडं टाकते,
मग स्वतःभोवती घर विणते.
ते घर आम्ही उकळतो.
हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी बारा वर्षांचा, हातात गुलेल,
कावळे हाकलायला रानात मुक्कामी.
त्या साली अळ्यांच्याही वर, शेंड्याला
अकरा जणं लोंबकळत होती. आमच्यातली नव्हती.
ओल्या पिठासारखं अंग, प्रत्येकाला एकच गुडघा,
आणि रात्री, आत कोणी कंदील घेऊन फिरावं
तसा पोटातून उजेड जायचा-यायचा.
डोमाजी पचारे म्हणाला, "वरून आले असतीन.
वरून सारंच येते. यायले खायले काय लागते, ते पाय."
सालीवरची बुरशी लागायची. बस.

बारावं आम्हाला बोडीत दिसलं, शिंगाड्याच्या वेलाखाली.
थोरला की थोरली, कळेना. आम्ही थोरलं म्हणू लागलो.
अंग धानाच्या तुसासारखं खरखरीत, आणि ते मरत होतं.
मरता मरता आईला शिकवत होतं:
कपाळाला कपाळ लावायचं आणि घुमायचं,
रिकामं जातं फिरतं तसं.
त्यांच्यात कोणी आपोआप मोठं होत नाही.
दुसऱ्यानं घुमावं लागतं.
कोणी घुमलंच नाही
तर लेकरू लेकरूच राहतं, लेकरूच मरतं.

आईचं नाव पुस्तकला. सहीच्या जागी अंगठा.
हंड्यात किती कोसे उकळले, मोजदाद नाही.
म्हणाली, "आतापावतर थांबवतच आली मी.
कोनाले पुढं ढकलाचं कसं, मले नाई येत."
आणि लुगडं खोचून झाडावर चढली.

पहिल्याचा उजेड थांबला.
अंग भाकरीसारखं फुगलं, पाठ चिरली,
चिरेतून दुसरा गुडघा, मग तिसरा,
घासलेल्या तांब्याचा वास सगळ्या रानात.
तिसऱ्या दिवशी ते उभं राहिलं, वाऱ्यावर वाळलं
आणि आईकडे न बघता
तलावाच्या पाळीवरून चालत गेलं.
वळून बघायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नसावं.

दर वेळी आईचं काहीतरी जायचं.
दुसऱ्याला भुवया.
चौथ्याला डाव्या हाताच्या रेषा, तळवा पाटीसारखा कोरा.
सातव्यानंतर तिला चिंच आंबट लागेना.
दहाव्यानंतर माझं नाव घेताना
ती जरा थांबायची.

अकरावा मागे सरकला.
आई फांदीवर पुढे, तो आणखी मागे.
खालून डोमाजी: "धर त्याले! थोरलं तं मेलं, आता तूच हायस!"
आई कितीतरी वेळ तशीच, पोटावर, फांदीला मिठी मारून.
मग उतरली.
"त्याले नाई पायजे," म्हणाली,
आणि हंडा घासायला गेली.

त्याच दिवाळीत माझा आवाज फुटला.
कोणी घुमलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

आई जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.
अकरावा आहे. त्याच झाडावर, तेवढाच.
उजेड मंदावलाय, कधी कधी पोटातच वाट चुकतो.
मी अजून कावळे हाकलतो त्याच्यावरून,
नेम आता दहात तीन.

परवा रात्री तो खालच्या फांदीवर उतरला.
कपाळ पुढे केलं.
मला वाटलं, झालं, आता मागतोय.
आईसारखं, जमेल तसं, घुमायला लागलो
तर त्यानं माझ्या तोंडावर तो ओला गुडघा टेकवला,
मला गप्प केलं,
आणि स्वतःच घुमू लागला.

पन्नाशीच्या माणसासाठी, ते लेकरू.

मी मागे सरकलो.
तो पुढे आला नाही.
फांदीला धरून थांबला, आई थांबली होती तसा,
मग हळूहळू वर गेला.

आज लवकर जेवलो.
भुवयांवरून एकदा हात फिरवला, आहेत.
बायकोला तिच्या नावानं हाक मारली, दोनदा,
ती म्हणाली, "काय झालं तुमाले?"
बॅटरी घेतली.
गुलेल खुंटीवर आहे, तिथेच राहू दिली.