घेर साडेछप्पन

घोरपडे दुकानात आले ते पिशवीत
पुठ्ठ्याची नळी घेऊन.
मकरपुऱ्याला चौतीस वर्षं लेथवर,
आता घरी. हात काही घरी बसत नाहीत.
म्हणाले, हेंद्रे, ह्याला पॅराशूट शिवून दे.
खोक्यात आलं होतं ते प्लास्टिकचं, घडीवरच फाटलं.

नळीला बाल्साचे चार पंख, असे घासलेले
की बोटाला सांधा लागू नये.
खऱ्या रॉकेटचा पंचविसावा हिस्सा, ते म्हणाले.
मी मनात भागाकार केला:
मी पाच फूट आठ, म्हणजे पावणेतीन इंच.
एवढ्या माणसाचा सदरा शिवायचा
तर बटण त्याच्या ताटाएवढं व्हायचं.

नवरात्रातल्या एका चणियाचं अस्तर उरलं होतं,
नारिंगी.
चौघडी घालून गोल कापलं. आडवं अठरा,
घेर साडेछप्पन, दर सात इंचांवर एक दोरी.
झटका सोसायला इलॅस्टिक लागतं म्हणाले,
परकराचं दिलं.

मग म्हणाले, मधोमध भोक पाड.

चांगल्या कापडाला?
मी कात्री खाली ठेवली.
घोरपडे भांडले नाहीत. तसंच घेऊन गेले.

उत्तरायण होऊन आठ दिवस झाले होते,
झाडांवर अजून पतंगांची हाडं.
रॉकेट नीट गेलं. कापड नीट उघडलं,
आणि मिळेल तो वारा पोटात धरून
चाललं आपलं, उतरायचं नावच नाही.
विश्वामित्रीच्या चिखलात बसलं,
मगरीपासून दहा हातांवर.
मगरीने एक डोळा उघडला, मिटला.
आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून
बराच वेळ उभे होतो. घोरपडे माझ्याकडे
एकदाही बघितले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

त्यांनी दुसरी नळी घेतली. मी कात्री.
दोन इंचांचं भोक, कडेने काजाचा टाका,
हाताने, चष्मा लावून, दुपारी गिऱ्हाईक नसताना.
टाक्यागणिक वाटत गेलं, अरे,
जन्मभर दुसरं काय केलं?
गळा, बाही, काज.
माणूस कपड्यात शिरतो तो भोकातूनच.

पादऱ्याच्या वाटेवर रणछोडभाईंचं शेत,
तूर काढून मोकळं झालेलं.
घोरपड्यांनी कापडाला टाल्कम पावडर चोळली,
चिकटू नये म्हणून. डबा माझ्या बायकोचा.
सळईवर रॉकेट, लांब वायर, बॅटरी.
पाच म्हणाले, चार म्हणाले,
तीनला त्यांचा आवाज बसला.

मांजरपाट एका झटक्यात फाडावं, तसा आवाज.
मान वर करेपर्यंत
धुराचा एक धावदोरा उरला, तोही उसवत.

रणछोडभाई ट्रॅक्टरवरून ओरडले,
पाछुं आवशे?

कोणाला ठाऊक. वर काहीच नव्हतं.
मी श्वास मोजले. चार.
मग ठिपका. मग नारिंगी.
झोकांड्या नाहीत, सरळ, ओळंब्यासारखं,
आणि बरोब्बर मध्यावर
आभाळाचं एक बटण.

ढेकळांत उतरलं. मी पळालो.
एकसष्टाव्या वर्षी, धोतर नाही हे नशीब.
आधी शिवण तपासली.

संध्याकाळी मापाची वही काढली.
वर पारुलबेनचं ब्लाउज, खाली शाळेचे दोन गणवेश,
मध्ये लिहिलं: घोरपडे. घेर साडेछप्पन. दोऱ्या आठ.
उंचीचा रकाना आला.
किती लिहू?
अंदाजे एकशेवीस मीटर, ते म्हणाले.
आमच्यात अंदाजे चालत नाही, आणि मीटर तर नाहीच.
मग आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून
मीटरचे इंच करत राहिलो,
बोटांवर, मग बिलाच्या पाठीवर.
चार हजार सातशे चोवीस झाले.
घोरपडे म्हणाले, दबायला थोडं जास्त धर.