हुंगणावळ

असोळण्याला साळ नदीच्या काठी
इनास बार्रेटो राहतो. तारवटी, आता घरी बसलेला.
एकतीस वर्षं बोटीवर दुसऱ्यांची पानं वाढली.
शेवटच्या फेरीत कुणा म्हाताऱ्या प्रवाशानं
उतरताना हातात ठेवले चोवीस सिगार.
"लगेच ओढू नकोस," म्हणाला, "जप."

इनास माझ्याकडे आला.
मेस्ता, पेटी कर.
साग नको, त्याचं तेल तंबाखूत उतरतं.
तुणीचं घे, जुनं. आतून पॉलिश नको,
खिळा नको.
आणि झाकण आपटता कामा नये:
सोडलं की आपल्याच वजनानं हळू बसावं,
आतली हवा निघताना एकदा उसासावं.

त्या उसाशाला माझे बारा दिवस गेले.
बायको म्हणाली, पाळण्याला चार लागले होते.

मग पेटीला आधी पाणी पाजायचं.
आत वाटी ठेवून तीन दिवस मिटून ठेवायची.
कोरडं लाकूड तहानलेलं असतं,
सिगारांतलंच पिऊन टाकतं.
काटा सत्तरच्या आसपास हवा.
हे सगळं पुस्तकात. पुस्तकात असोळणे नाही.
इथे आषाढात मीठ पाझरतं, चपला हिरव्या होतात,
भिंतीला हात लावावा तर भिंतच हात धरते.
इथे ओल द्यायची नसते, अडवायची असते.
म्हणून वाटी काढली
आणि कोपऱ्यात ठेवली भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी.

साथीच्या वर्षी इनासला ताप आला.
ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.
तो काही परत आला नाही.

तेव्हापासून दर शनिवारी, तिन्हीसांजेची घंटा झाली की
मी झाकण उचलतो, नाक आत घालतो,
आणि तो विचारतो, "कसा?"
पहिल्यांदा म्हणालो, चांगला.
रागावला. "चांगलं तर मीठपण असतं."
मग शिकलो.
गुळाच्या ढेपेखालचं गोणपाट.
पाऊस यायच्या आत झाकलेली गवताची उडवी.
लग्नातला कोट, घडी मोडलेला, घातलेला नाही.
तो डोळे मिटून मान हलवतो.
कधी म्हणतो, "हे मागच्या शनिवारचं."
हुंगणावळ म्हणून परसातली ओंजळभर बिंबलं.

श्रावणात एका सिगारला दिसलं
टाचणीएवढं भोक, खाली चिमूटभर पीठ.
बुरशी असती तर ब्रशानं झाडली असती.
हा किडा. उष्मा वाढला की अंडी फुटतात,
एकातून दुसऱ्यात जातो.
वाटलं, सांगू नये. त्याला काय कळणार होतं.
सांगितलं.

तो एक नदीत. उरलेले तेवीस
पिशवीत पिशवी घालून बर्फाच्या कप्प्यात,
एस्पेरांसाच्या बांगड्यांशेजारी, तीन दिवस.
मग एक दिवस खालच्या कप्प्यात;
घाई केली तर वरचं पान फाटतं.
"बांगड्याचा वास लागला तर?"
"तुला कुठे कळणार?" मी म्हणालो
आणि जीभ चावली.
आधी एस्पेरांसाला हसू फुटलं, मग त्याला,
माझं सगळ्यात शेवटी.

काल पेटी पुन्हा भरली,
वरचे खाली, खालचे वर.
झाकण सोडलं. उसासलं.
उघडलं.
"कसा?"

तुणीचा होता, तंबाखूचा होता,
आणि अगदी तळाशी, खरंच, बांगडा.
तो डोळे मिटून थांबला होता.
"बोटीचा," मी म्हणालो.
मी बोट आतून कधी पाहिलेली नाही.

"कुठल्या बाजूचा?" त्यानं विचारलं.
"डेकवरचा, की खालच्या स्वयंपाकघरातला?"