मीटरवरून चव

लिमात चांगला चिफा कुठला, ते मला विचारा.
चिफा म्हणजे चिनी खाणावळ. आमच्याकडे
दर दोन चौकांना एक असतेच:
लाल कंदील, सोनेरी ड्रॅगन, काचेवर आजचा भाव.
ड्रॅगनकडे बघू नका.
ड्रॅगन सगळ्यांकडे एकाच दुकानातून येतो.

मी पाण्याची मीटरं वाचतो. बावीस वर्षं.
मला पुढची दारं नाही, मागची माहीत.
लोखंडी झाकण उचलायचं,
काचेवरची माती अंगठ्यानं पुसायची,
आकडा टिपायचा.
आणि आकडा चहाडी करतो.
ज्याच्याकडे भाजी तीन पाण्यांतून निघते
त्याचा आकडा वेगळा,
ज्याच्याकडे कालचंच पाणी आज रस्सा म्हणून उकळतं
त्याचा वेगळा.
(नदीपलीकडे एक जण आहे, नाव घेत नाही.
तिथं कोळंबी खाऊ नका.)

माझा साडू एदिल्बेर्तो म्हणतो, नाकानं शोध.
नाक फसतं. लसूण तळला की
कुठल्याही गल्लीला भूक लागते.
हां, एक खूण मात्र मी मानतो:
कोपऱ्यातल्या टेबलावर मालकाची नात
गणिताची वही पसरून बसली असेल
आणि गर्दीतही तिला कोणी उठवत नसेल,
तर बसा. तिथं बसा.

गेल्या जुलैत, आमच्या थंडीत,
जेव्हा आभाळ ओल्या फडक्यासारखं
महिनाभर छपरांवर पडून असतं
आणि धड पाऊस म्हणून काही पडत नाही,
ब्रेन्यातल्या एका मीटरचा काटा
जवळजवळ हललाच नव्हता.
दोन घनमीटर. अख्ख्या महिन्याचे.
चोरी असेल, बिघाड असेल.
मी दार वाजवलं.

आत दहा टेबलं. नवांवर खुर्च्या उलट्या.
दहाव्याशी सेन्योर लाऊ, बनियनवर,
वाटाण्याच्या शेंगांच्या शिरा काढत.
"मीटर ठीक आहे," म्हणाले. "माणसं नाहीत."
मग, विचारपूस नव्हे, हजेरी घ्यावी तसं:
"जेवलास?"

वाडगा आला. वांतान सहा.
वर कांद्याची पात, तळाशी आल्याचा चटका.
आल्याला आम्ही कियोन म्हणतो. हा शब्द
यांच्याच कोणा पणजोबानं बोटीवरून उतरवला,
आणि माझी आई, डोंगरातून आलेली,
मरेपर्यंत तो आपलाच, केचुआतला समजत राहिली.
तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

पहिल्या घोटाला मी वही मिटली.
कोंबडीची हाडं, रात्रभर, मंद आचेवर.
हे मीटरवर दिसत नाही.
त्याला पाणी फारसं लागत नाही,
जागा माणूस लागतो.
बावीस वर्षांचं माझं शास्त्र
वाडग्याच्या तळाशी जाऊन बसलं.

माझ्या पोटात सगळं राहतं, गुपित तेवढं राहत नाही.
एदिल्बेर्तोला बोललो. त्यानं भाचीला सांगितलं.
भाचीनं बँकेतल्या तिच्या अख्ख्या मजल्याला.

ऑगस्टात आकडा एकोणीस.
सप्टेंबरात एकेचाळीस,
बाहेर फुटपाथभर रांग,
आणि खुर्च्या सगळ्या जमिनीवर.

मी आपला मागूनच गेलो.
झाकण उचललं, माती पुसली, आकडा लिहिला.
उंबऱ्यात सेन्योर लाऊ, घामानं निथळत, हातात झारा.
"तूच बोललास ना?"
मी मीटरकडेच बघत राहिलो.
"गुडघे दुखतात माझे," ते म्हणाले,
आत गेले,
आणि वाडगा आणून पायरीवर माझ्यापुढे आदळला.

वांतान पाच.
मोजले. सवय आहे.
रस्सा मात्र तोच.