वाटीतलं नाणं

मानेवाड्याच्या चौकात आमचं हॉटेल.
मागच्या दाराशी डीप फ्रीजर,
त्यात डाव्या कोपऱ्यात स्टीलची एक वाटी,
वाटीत गोठलेलं पाणी,
पाण्यावर पाच रुपयांचं नाणं.
धकातेकाकांनी ठेवलेलं.
काका कामठीला गेले, मुलाकडे, गुडघे घेऊन;
नाणं राहिलं.
नवी पोरं विचारतात, देवाचं आहे का?
मी म्हणते, हो. हात लावू नका.

मे महिन्यात साहेबांच्या पुतणीचं लग्न, गोंदियाला.
तीन दिवस शटर खाली.
त्यातच कधीतरी वादळ आलं,
रिंगरोडवर होर्डिंग आडवं झालं, खांब वाकला,
आणि लाइन गेली ती कधी आली
हे सांगायला कोणी जागेवर नव्हतं.

आलो तर सगळं जसंच्या तसं.
पंखा फिरतोय, फ्रीजर घुमतोय,
कोंबडीची पाकिटं, खिम्याचे गोळे,
रश्श्याचे डबे, डब्यांवर माझ्याच अक्षरात तारखा.
रहांगडाले साहेबांनी एक पाकीट ओट्यावर आपटलं.
"दगड आहे वो वच्छला, दगड.
काई नाही झालं. लाव गॅस."

मी वाटी काढली.
वर बर्फ, गुळगुळीत, कोरा.
नाणं तळाशी.

"सगळं पानी झालं होतं साहेब. मग परत गोठलं."
"कोनाले समजते?"
मी वाटी पालथी केली, बर्फाचा गोळा त्यांच्या हातात दिला.
नाणं खणखणीत असावं म्हणतात.
हे तर मुकं, जीभ बर्फात अडकलेली,
तरी त्या दिवशी आमच्या किचनमध्ये
त्याच्याइतकं स्वच्छ कोणी बोललं नाही.
साहेब म्हणाले, "काढ ते, टॉस करू.
छापा आला तर शिजवू."
कोणी हसलं नाही. मग तेही गप्प झाले.
बर्फ त्यांच्या बोटांतून गळत राहिला.

काका सांगायचे,
थंडी कोनालेच मारत नाही, पोरी. निजवते फक्त.

एकोणीस किलो.
पोत्यांत भरलं, वरून फिनाईल ओतलं,
कारण पहाटे नाल्याकाठी कचरा चाळायला एक पोरगा येतो,
आणि चांगलं दिसतं ते चांगलं नसतं
हे भुकेल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?
ओततांना हात थांबला. खोटं कशाला बोलू,
माझा अर्धा पगार होता त्या पोत्यांत.

घरचा फ्रीज जुना, एका दाराचा.
वाटाणे मी आदल्या रात्रीच खालच्या कप्प्यात उतरवते,
ओट्यावर नाही.
ओट्यावर आमच्या नागपूरचं ऊन
खिडकी लावली तरी हात घालतं.
शेजारची सुमित्रा हसते,
"वाटाण्याले काय मुहूर्त पाहतेस वो?"
पाहते.
आणि रस्सा गरम करतांना
कडेच्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवत नाही;
मधोमध उकळी फुटली, ढवळून पुन्हा फुटली,
की मग ताटं.

रात्री अकराला कामावरून येते.
चप्पल काढायच्या आधी वरचा कप्पा उघडते.
वाटी. रुपया. वरच आहे.
नखानं सोडवून क्षणभर मानेवर ठेवते,
घाम दचकतो,
आतल्या खोलीत लेक कुशीवर वळते.
रुपया पुसून
पुन्हा बर्फावर ठेवते, छापा वर.
कूलर तेवढा घरघरत असतो.