कोबीचा गड्डा

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं
आणि झिविलेच्या छातीचे दगड झाले,
तापलेले, निळ्या शिरांचे.
बाळ तोंड लावतं, निसटतं, रडतं.
भेगेतला लाल थेंब त्याच्या ओठावर.

कौनासमध्ये बर्फ.
शेजारची ओना खिडकीबाहेरच्या पिशवीतून
कोबी काढते, लाटण्यानं पानाची शीर चेचते.
"आधी थोडं पिळ. मग हे ठेव.
वीसच मिनिटं हं, नाहीतर आटेल."

गार.
मग पान शिजल्यासारखं मऊ पडतं,
खोलीभर सूपाचा वास.
झिविले हसते, तेही दुखतं.
बाळ आता घट्ट धरतं. घोट ऐकू येतात.

"तुम्हाला कसं माहीत?"

ओना उरलेला कोबी पिशवीत घालते.
"मी अख्खा गड्डा वापरला होता.
पाळणा परत दिला,
पण पान्ह्याला कुणी कळवलंच नव्हतं."